थंडीत गाडी काढण्याआधी

अनेक आशीर्वाद.

हिवाळा लागला की मोटरसायकल झाकून कोपऱ्यात लावायची की रोज बाहेर काढायची, असं तू विचारलंस. माझं उत्तर सोपं आहे: रस्ता कोरडा असेल तर काढायची. पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला खटकलं. ‘गारठा सोसायची माझी तयारी आहे’ असं तू लिहिलंस. गाडीवर गारठा सोसायचा नसतो. डोंगर चढणाऱ्याने थोडी थंडी अंगावर काढली तरी निभावतं, कारण त्याचं अंग हलत असतं आणि उष्णता तयार होत राहते. आपण एका जागी बसून वारा अंगावर घेतो. सोसत बसणाऱ्याचे आधी हात मंदावतात, मग डोकं, आणि आपण मंदावलोय हे त्याला सगळ्यांत उशिरा कळतं. ताशी ६० किलोमीटर वेगाला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. गारठलेली बोटं ब्रेकच्या लिव्हरवर पोचायला तेवढा वेळ सहज घेतात.

आधी वाऱ्याचा हिशेब समजून घे. घरातून निघताना मोबाइलवर ५ अंश दिसतात, ते उभ्या माणसासाठी. वाऱ्यामुळे वाढणारा गारठा मोजायचे पहिले प्रयोग पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघांनी १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला अंटार्क्टिकात केले. प्लास्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते किती वेळात गोठतं, हे ते बघत. अमेरिका आणि कॅनडात आज वापरतात ते सूत्र २००१ सालचं. त्यात ५ अंश तापमान आणि ताशी ८० किलोमीटर वारा घातला, तर उघड्या कातडीला उणे ३ अंशांसारखं जाणवतं. शून्य अंशाला तोच वेग धरला तर जवळजवळ उणे १०.

आता यातली गंमत बघ. वेग ८० वरून ६० वर आणला तर फरक जेमतेम एका अंशाचा पडतो. ‘थंडी वाजतेय, जरा हळू जातो’ हे म्हणूनच फारसं कामाला येत नाही. (हळू जायची इतर कारणं आहेत, ती पुढे सांगतो.) वारा कातडीपर्यंत पोचूच द्यायचा नाही, हाच खरा उपाय. वारा न शिरणारा एक पातळ थर दोन जाड स्वेटरना भारी पडतो. कोरड्या वस्तूला वारा हवेपेक्षा जास्त थंड करू शकत नाही, फक्त लवकर थंड करतो. ओल्याचं तसं नाही. भिजलेल्या हातमोज्यातलं पाणी उडताना हाताची उष्णता घेऊन जातं. हातमोज्यांचा दुसरा कोरडा जोड बॅगेत असू दे. हिवाळ्यात तो चैनीत मोडत नाही.

हात गार पडले की सगळे जण आणखी जाड हातमोजे शोधायला लागतात. तूही तेच विचारलंयस. पण हाताचा इलाज बऱ्याचदा छातीवर आणि मानेवर असतो. मिळकत आटली की घरात आधी वरखर्च बंद होतो, तसं धड गार पडायला लागलं की शरीर हातापायांकडे जाणारं रक्त आवळून धरतं, कारण हृदय आणि मेंदू त्याला आधी सांभाळायचे असतात. मग हातमोजा कितीही जाड घाल, आत गरम रक्तच येत नसेल तर तो उबवणार कशाला? त्यामुळे पैसे असतील ते या क्रमाने खर्च कर: आधी धड आणि मान, मग हात, मग पाय.

अंगालगत लोकरीचा किंवा घाम बाहेर काढणाऱ्या सिंथेटिक कापडाचा थर हवा. सुती बनियन घाम धरून ठेवतो आणि थांबल्यावर तोच ओलावा तुला काकडवतो. मध्ये फ्लीससारखं काहीतरी हवा कोंडणारं, आणि वर वारा अडवणारं जॅकेट. तिन्ही थर घालून हँडलवर हात ठेवून बघ. बगलेत, कोपरात आवळत असेल तर एक थर कमी कर, कारण आवळलेल्या कपड्यात ऊब धरणारी हवाही राहत नाही आणि रक्तही नीट फिरत नाही. हातमोज्यांनाही हाच नियम. मानेभोवतीची फट मात्र एक बोटभरही ठेवू नकोस. लोंबणारा मफलर नको, डोक्यावरून चढवायची नळीसारखी पट्टी घे.

हँडलवर बसवायचे मफ, म्हणजे हात आत घालायच्या जाड पिशव्या, दिसायला भयंकर असतात, आणि मला ते फार आवडतात. गरम होणाऱ्या ग्रिप तळहात शेकतात, पण वारा बसतो बोटांच्या पाठीवर. मफ किंवा निदान रुंद हँडगार्ड लावला तर साधा हातमोजाही पुरतो आणि क्लच-ब्रेकचा अंदाजही राहतो. मफ बसवल्यावर उभ्या गाडीवर हात आत-बाहेर करायची सवय कर, आणि लिव्हर कुठे अडकत नाही ना, हे बघून घे.

आता स्वतःला तपासायचं कसं? हातांची कातडी साधारण १५ अंशांच्या खाली गेली की बोटांचं कसब झपाट्याने कमी होतं. थांबशील तिथे अंगठा करंगळीला टेकवून बघ. सहज टेकत नसेल तर पुढे जायचं नाही, आडोसा गाठायचा, आत जाऊन शेकायचं. दात वाजणं हा इशारा आहे, पण खरा धोका त्याच्या पुढे आहे: शब्द अडखळतात, इंडिकेटर बंद करायचा राहतो, ‘आता काय, पोचतोच’ असं वाटायला लागतं. शरीराच्या आतलं तापमान ३७ वरून ३५ अंशांच्या खाली गेलं की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात. तिथवर पोचायच्या कितीतरी आधी तू गाडी चालवण्याच्या लायकीचा उरलेला नसतोस. आणि ऊब यावी म्हणून घोटभर दारू घ्यायचा सल्ला कुणी दिला, तर त्याच्या बरोबर गाडी काढूच नकोस. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम वाटतं आणि आतली उष्णता मात्र बाहेर जाते. डोक्यावर काय परिणाम होतो तो वेगळाच.

आता रस्ता. गार रबर कडक होतं आणि कडक रबर रस्ता कमी धरतं. पहिले काही किलोमीटर गाडी फार वाकवायची नाही, ब्रेक टप्प्याटप्प्याने दाबायचा, रेस हळू पिळायची. लक्षात ठेव, तापलेला टायर सिग्नलला आणि लांब थांब्यावर पुन्हा गार होतो. हवेचा दाब दर ५-६ अंशांच्या घसरणीला साधारण एक पीएसआयने उतरतो, तेव्हा थंडीची लाट आली की निघण्याआधी, टायर गार असतानाच दाब तपास. हवा कमी केली की पकड वाढते, असं सांगणारे भेटतील. ते चिखलात किंवा वाळूत खरं आहे. डांबरी रस्त्यावर कंपनीने सांगितलेला दाब ठेव.

बर्फ दिसतो तेव्हा त्याची भीती कमी, कारण शहाणा माणूस तिथे जातच नाही. भीती न दिसणाऱ्याची. ओल्या डांबरावर गोठलेला पातळ पारदर्शक थर, ज्याला ब्लॅक आइस म्हणतात, तो फक्त ओल्या रस्त्यासारखा दिसतो. निरभ्र रात्री रस्ता आपली उष्णता आकाशात सोडतो आणि हवेपेक्षा गार पडतो. त्यामुळे हवा ३ अंशांवर असतानाही डांबर शून्याखाली असू शकतं. काही गाड्यांच्या मीटरवर ३-४ अंशांना इशारा लागतो तो याचसाठी. पूल आणि उड्डाणपूल आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही वारा लागतो. त्यानंतर झाडांच्या सावलीतली वळणं, डोंगराच्या आडचा रस्ता, पाणी झिरपतं ती जागा. आणि सूर्य उगवला म्हणजे धोका टळला असं नाही, कारण दिवसातलं सगळ्यांत कमी तापमान बहुधा सूर्योदयाच्या सुमारास, कधी तर त्यानंतर थोड्या वेळाने असतं. तासभर उशिरा निघणं हा हिवाळ्यातला सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत कमी वापरला जाणारा उपाय आहे.

एक खूण सांगतो. रस्ता ओला चमकतोय, पण पुढच्या गाडीच्या चाकांमागे पाणी उडत नाही, चाकांचा ओला आवाजही येत नाही. म्हणजे ते पाणी नाही. अशा वेळी काय करायचं हे आत्ताच डोक्यात बसव, कारण तिथे विचार करायला वेळ नसतो: ब्रेकला हात नाही, रेस सोडून झटका नाही, गाडी उभी आणि सरळ, नजर लांब, क्लच हळू दाबून गाडी आपोआप सरकू द्यायची. वळण मध्येच आलं तर यातलं काहीच नीट जमत नाही, हे खरं आहे. दोन चाकांना बर्फावर तोल सांभाळायचा फारसा वाव नसतोच. जर्मनीत १९५६ पासून भर हिवाळ्यात मोटरसायकलवाल्यांचा एलेफांटेनट्रेफेन नावाचा मेळा भरतो, बर्फात तंबू ठोकून लोक राहतात. तिथे साइडकारवाले, म्हणजे बाजूला तिसऱ्या चाकाची जोडगाडी लावलेले, मोठ्या संख्येने येतात ते उगाच नाही. रस्ता गोठल्याची शंका असेल त्या दिवशी बसने जा. त्यासाठी कुणाला कारण द्यायची गरज नाही.

दिसण्याबद्दल दोन गोष्टी. श्वासातली वाफ गार काचेवर बसते, म्हणून हेल्मेटच्या व्हायझरच्या आत दुसरी पातळ काच बसवून मध्ये हवेचा थर ठेवणारी पिनलॉक पद्धतीची काच घे. बाकीचे सगळे फवारे आणि साबणाचे प्रयोग दोन-चार दिवसांचे. नाकावरची पट्टी श्वास खाली वळवते, तीही बसव. दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. हिवाळ्यात सूर्य दिवसभर खाली असतो. तुझी सावली तुझ्या पुढे लांब पडलेली दिसली, तर तुला सगळं छान दिसत असतं, पण समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन असतं आणि तू त्याला दिसत नसतोस. चौकात तो तुझ्या पुढ्यातच वळेल असं धरून चाल. धुक्यात लो बीम ठेव, कारण हाय बीमचा उजेड धुक्यावरून परतून डोळ्यांतच येतो. आणि पुढच्या ट्रकच्या लाल दिव्याला चिकटून जाऊ नकोस. त्यालाही पुढचं दिसत नसतं.

गाडीचं थोडक्यात सांगतो, कारण हे मॅन्युअलमध्ये आहे आणि तू ते वाचलं नाहीस अशी मला दाट शंका आहे. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि त्याच वेळी घट्ट झालेलं ऑइल फिरवायला सेल्फला जास्त जोर लागतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ठीक. १२.४ च्या खाली असेल तर चार्जर लाव. लिथियम बॅटरी असेल तर ती शून्याखाली चार्ज करायची नाही, आधी गाडी आत घे. ऑइलच्या डब्यावर डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते गारठ्यात लवकर वाहतं. मॅन्युअल परवानगी देत असेल त्यातलं लहान आकड्याचं घे. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात साधं पाणी कधीच नको. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं मिसळलं की ते उणे ३७ अंशांच्या आसपास गोठतं. जुनी कार्ब्युरेटरची गाडी दमट गारठ्यात, शून्याच्या वर असतानाही, मध्येच दम तोडत असेल तर पेट्रोल खराब म्हणून टाकी उपसू नकोस. पेट्रोलची वाफ होताना कार्ब्युरेटर इतका गार पडतो की आत बर्फ धरतो. थोडा वेळ थांबलं की इंजिनाच्या उष्णतेने तो वितळतो. बंद गॅरेजमध्ये मात्र गाडी तापवत ठेवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

रस्त्यांवर मीठ टाकतात अशा भागात असशील तर ते चेनला आणि नटबोल्टना खातं. फेरीनंतर धुऊन, चेन पुसून, ती कोमट असतानाच वंगण लाव.

आणि गाडी खरंच काही आठवडे उभी ठेवायची झाली, तर टाकी भरून ठेव, बॅटरीला देखभालीचा चार्जर लाव आणि गाडीला हात लावू नकोस. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालू करून बंद करणारे गाडीची सेवा केल्याच्या समाधानात असतात. एवढ्यात इंजिन पुरतं तापत नाही, सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी जमतं, आणि सेल्फने खाल्लेलं बॅटरीला परत मिळत नाही.

राहिला तुझा प्रश्न: बॅटरीवर गरम होणारं जॅकेट तुझ्या गाडीला झेपेल का? जॅकेटला साधारण ६० ते १०० वॅट लागतात, ग्रिपना ३०-४०. तुझ्या गाडीचा जनरेटर किती वॅटचा आहे ते मॅन्युअलमधून शोधून कळव. व्होल्टमीटर बॅटरीला जोडून, हेडलाइट चालू ठेवून, नेहमीच्या वेगाच्या आरपीएमला किती व्होल्ट दिसतात तेही लिही. १४ च्या आसपास असतील तर वाव आहे. आत्ताच १३ च्या खाली येत असतील तर वर काही लादता येणार नाही. आकडे जमले तर आधी जॅकेट घेऊ, ग्रिपचं पुढच्या हिवाळ्यात बघू.