सही जामीनदाराची, नोटीसही जामीनदारालाच

प्रश्न : आमच्या पगारदार नोकरांच्या पतसंस्थेतून एका सहकाऱ्याने ४ लाखांचं कर्ज काढलं. मी आणि आणखी एकजण जामीन राहिलो. त्याने नोकरी सोडली, हप्ते थकले. त्याची चारचाकी तारण होती, पण ती संस्थेच्या ना-हरकत दाखल्यावर त्याने विकून टाकल्याचं आता कळतंय. संस्थेकडे माझे सही केलेले दोन कोरे चेक आहेत. मला कलम १०१ खाली सहायक निबंधकांकडून सुनावणीची नोटीस आली आहे. पैसे मी घेतलेले नाहीत. आधी कर्जदाराकडून वसूल करा, असं मला म्हणता येईल का?

उत्तर : नाही, तेवढ्या मुद्द्यावर निभाव लागणार नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संस्थेने आधी त्याच्याच दारात जायला हवं, असं बंधन नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. कर्ज बुडू नये म्हणूनच संस्था दोन जामीनदार, पगारकपातीचं संमतीपत्र, कोरे चेक आणि वाहनावर बोजा असा चारही बाजूंनी बंदोबस्त करते. सही करताना ‘नुसती सही तर आहे’ असं सांगितलं जातं, याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

तरीही तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य फार मोलाचं आहे, ते गाडीचं. तुम्ही जामीन राहिलात तेव्हा ती गाडी तारण होती. तुमच्या संमतीशिवाय संस्थेने ते तारण हातचं घालवलं असेल, तर कलम १४१ नुसार त्या गाडीच्या किमतीपुरते तुम्ही जबाबदारीतून सुटता. आरटीओत बोजा उतरवताना फॉर्म ३५ वर संस्थेची सही लागते. वाहनाच्या नोंदींची साक्षांकित प्रत मिळवा, त्यावरची तारीख पाहा आणि त्या सुमाराची गाडीची किंमत काढून ठेवा. दुसरं असंच तपासायचं म्हणजे, तुम्हाला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या का? बदलल्या असतील तर त्यानंतरच्या व्यवहारांपुरतं कलम १३३ तुमच्या बाजूने आहे. मात्र जामीनपत्रात हे हक्क सोडल्याची कलमं बारीक अक्षरांत छापलेली असतात, म्हणून त्याची प्रत आधी मागा आणि शेवटपर्यंत वाचा.

सुनावणी चुकवू नका. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खालच्या वसुली दाखल्यासाठी आहे. हा दाखला एकदा निघाला, की थकबाकीचा तो निर्णायक पुरावा ठरतो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होऊ शकते. त्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण (फेरतपासणी) अर्ज करायचा तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. त्यामुळे कर्जखात्याचा उतारा, व्याजाचा हिशेब, ना-हरकत दाखल्याची प्रत हे सगळं लेखी मागा, म्हणणं लेखी द्या आणि पोचेवर शिक्का घ्या.

चेकचं पेमेंट थांबवलं की सुटलो, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. पेमेंट थांबवल्यामुळे चेक परत गेला तरी पराक्राम्य संलेख अधिनियमाचं, म्हणजे चेक न वटण्याच्या गुन्ह्याचं, कलम १३८ लागू शकतं, आणि ते जामीनदाराच्या चेकलाही लागतं. चेक न वटल्याची नोटीस आली, तर ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरायचे असतात. तेव्हा ते पाकीट बाजूला टाकू नका, लगेच वकिलाला दाखवा.

शेवटी पैसे भरावेच लागले, तर ते कायमचे गेले असं नाही. करार अधिनियमाच्या कलम १४० मुळे संस्थेचे हक्क तुमच्याकडे येतात आणि कलम १४५ खाली भरलेली रक्कम कर्जदाराकडून मागता येते. आपल्या वाट्यापेक्षा जास्त भरलंत, तर दुसऱ्या जामीनदाराकडूनही त्याचा हिस्सा मागता येईल; वेगळं ठरलं नसेल तर कलम १४६ प्रमाणे दोघांचा वाटा सारखा. त्याला आजच फोन करा, कारण अशीच नोटीस बहुधा त्याच्याही घरी पोचली असेल. गाडीचा मुद्दा दोघांनी मिळून मांडा. आणि जे काही भराल ते बँकेमार्फत भरा, पावतीवर ‘जामीनदार या नात्याने’ असं लिहून घ्या.