कडुलिंबाचा काढा तपकिरी झाला, आता पुढे?

अगं, काल रात्री तू पाठवलेला फोटो बघितला आणि खरंच खूप बरं वाटलं, चांदीचे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) करायला सिल्व्हर नायट्रेटमध्ये, म्हणजे चांदीच्या क्षाराच्या पाण्यात, कडुलिंबाचा काढा घातला की तासाभरात आधी पिवळा मग चहासारखा रंग चढतो ते कितीही वेळा बघितलं तरी मन भरत नाही. पण खाली तू लिहिलंयस की ताई कण झाले, बॅक्टेरियापण मेले, आता पेपर लिहायला घेऊ का? त्याला लगेच हो म्हणवत नाहीये.

रंग आला म्हणजे चांदीचे नॅनोकण तयार झालेत, यूव्हीवर (कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या यंत्रावर) ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या मधे पीकपण, म्हणजे आलेखाचं टोक, मिळेल. पण सगळी चांदी कणांत गेली असं तो पीक सांगत नाही, आणि माझा सगळा जीव इथेच अडकलाय.

हिशोब करून बघ. तू ९० मिली एक मिलीमोलर सिल्व्हर नायट्रेटमध्ये १० मिली काढा घातलास, म्हणजे त्या १०० मिलीत साधारण ९.७ मिलीग्रॅम चांदी आहे. त्यातली दहा टक्के जरी नुसती आयन म्हणून (कण न होता पाण्यात विरघळलेली, विद्युतभारित) उरली तरी दर मिलीला जवळपास १० मायक्रोग्रॅम झाली, आणि बऱ्याच बॅक्टेरियांना तेवढी मारायला पुरते. मग प्लेटवर दिसलेला झोन (बॅक्टेरिया न वाढलेलं गोल) कणांचा की उरलेल्या आयनांचा, हे तू कशावरून सांगणार?

मी एम.एस्सी.ला असताना हेच झालं होतं. झोन छान आले होते, मी थिसिसचं चॅप्टर लिहायलासुद्धा घेतलं होतं, तर गाईडनी एवढंच विचारलं की सेंट्रीफ्यूज केल्यावर (जोरात फिरवून कण तळाशी बसवल्यावर) वरचं पाणी लावून बघितलंस का. लावलं, तर त्याचाही झोन जवळपास तेवढाच! चार महिन्यांचं काम परत करावं लागलं आणि तेव्हा खूप रडले होते, म्हणून तुला आत्ताच सांगतेय.

तर पुढच्या प्लेटवर कण एकटे नकोत. धुतलेले कण, सेंट्रीफ्यूजनंतरचं वरचं पाणी, नुसता काढा (कडुलिंब स्वतःच बॅक्टेरियांना त्रास देतो हे विसरू नको), आणि तेवढ्याच चांदीचं साधं सिल्व्हर नायट्रेट, हे सगळं शेजारी शेजारी. कण डिस्टिल्ड वॉटरने निदान तीनदा धुवून घे. आणि झोनवर फार भरवसा ठेवू नको, कण अगारमधून (प्लेटमधल्या जेलीतून) नीट सरकत नाहीत, आयन सरकतात, त्यामुळे चांगले कणसुद्धा प्लेटवर फिके दिसू शकतात. ब्रॉथमध्ये (बॅक्टेरियांच्या पातळ खाद्यात) एमआयसी, म्हणजे त्यांची वाढ थांबवणारं कमीत कमी प्रमाण, काढ, वेळ लागतो पण ते जास्त खरं.

२०१२ मध्ये ह्यूस्टनच्या राइस युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी ऑक्सिजन काढून टाकून असे चांदीचे नॅनोकण इ. कोलाय बॅक्टेरियावर वापरले, ऑक्सिजन नसला की कणांतून आयन सुटत नाहीत, आणि बॅक्टेरियांना काहीच झालं नाही. म्हणजे कण हा बराचसा आयन हळूहळू सोडणारा साठा आहे. उद्या हे कुणाच्या भाजलेल्या जखमेच्या ड्रेसिंगमध्ये जाणार असेल तर किती आयन किती वेळात सुटतात तेच महत्त्वाचं, कारण तेच आयन जखम भरणाऱ्या पेशींनाही मारतात. पेशींवरची टेस्ट नंतर बघू असं म्हणू नको.

एक्सआरडी (एक्स-रेने स्फटिक ओळखायची चाचणी) करशील तेव्हा ३८ अंशांजवळचा चांदीचा पीक तर बघच, पण ३२ च्या आसपास काही उठलंय का तेही बघ, पानांत क्लोराईड असतं आणि मग निम्मा माल सिल्व्हर क्लोराईड निघतो. नळाच्या पाण्याने विसळलेल्या फ्लास्कनेही तेच होतं.

आणि पानं कधी, कुठल्या झाडाची तोडली ते वहीत लिहितेस ना? चैत्रातली तांबूस कोवळी पालवी आणि भर पावसातलं जून पान यांचा काढा एकसारखा नसतो, मग दोन महिन्यांनी कणांचा साईज बदलला की आपण उगाच पीएचला दोष देत बसतो. आपल्या पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) २००३-०४ च्या सुमारास बुरशीपासून, कडुलिंबापासून कण करायचं काम झालं तेव्हा ही पद्धत नवीन होती, आता नुसतं अजून एक पान घेऊन कण केले यात नवं काही नाही, नवं ते तुझ्या कंट्रोल्समधून (तुलनेसाठी शेजारी लावलेल्या नमुन्यांतून) येईल.

अजून एक, कण धुतल्याचं पाणी सिंकमध्ये ओतू नको गं. सांडपाणी शुद्ध करणारे बॅक्टेरियाही बॅक्टेरियाच आहेत, त्यांना चांदी तशीच मारते. वेगळ्या बाटलीत साठव, मीठ घालून क्लोराईड खाली बसव आणि लॅबच्या वेस्टमध्ये दे. त्या बाटलीत अमोनिया मात्र चुकूनही नको, चांदी आणि अमोनियाचं मिश्रण ठेवून दिलं तर स्फोट होऊ शकतो.

सोमवारी वरच्या पाण्याची प्लेट लाव आणि मंगळवारी सकाळी फोटो पाठव, झोन आला तरी पाठव.

तुझी ताई