मेंदूतली गाठ काढल्यावर भाचीला महिनाभर गावी नेलं आणि रेडिएशन नंतर सुरू केलं, तर चालेल का?

नका नेऊ. सोयाबीन काढणीला आलंय, तिचा धाकटा भाऊ आजीजवळ रडतोय, मुंबईत राहणं परवडत नाही, हे सगळं तुम्ही लिहिलंय आणि ते खरंच आहे. तरीही नका नेऊ. माझ्या मुलालाही तुमच्या भाचीसारखाच मेड्युलोब्लास्टोमा, म्हणजे मुलांच्या मेंदूतला कॅन्सर, होता, म्हणून हक्काने सांगते.

ऑपरेशन झालं की उलट्या थांबतात, पोर खेळायला लागतं आणि घरच्यांना वाटतं, सुटलो. पण या गाठीच्या पेशी मेंदूभोवतीच्या पाण्यातून मणक्यापर्यंत उतरू शकतात. म्हणून तर डोक्याबरोबर अख्ख्या पाठीलाही रेडिएशन देतात, आणि ते ऑपरेशननंतर साधारण ४ ते ६ आठवड्यांत सुरू व्हावं लागतं. महिना गावीच गेला, तर ही वेळ हातातून निसटते. तुमची भाची ६ वर्षांची आहे. ३ वर्षांखालच्या मुलांना ते शक्यतो टाळतात, तो नियम तिला लागू नाही. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात, कित्येक गरीब देशांत ३० टक्केही नाहीत. उपचार मध्येच सुटणं हे त्याचं एक मोठं कारण आहे, आणि कित्येकदा तो असाच सुटतो: 'जरा गावी जाऊन येतो' म्हणून.

रेडिएशन आठवड्यातून ५ दिवस, साधारण ६ आठवडे चालतं. आधी मास्क बनवतात. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ताणून बसवतात, गार झाली की ती कडक होते. रोज तोच मास्क टेबलाला अडकवून मुलाला झोपवतात. माझा मुलगा पहिल्यांदा किंचाळला होता. मग आम्ही खोलीवर चटई टाकून 'स्टॅच्यू' खेळायला लागलो: तोंडावर ओढणी, हलायचं नाही, मी बाहेरून बोलत राहायचे. त्याला भूल लागली नाही. तुमच्या भाचीला लागली तरी घाबरू नका, लहान मुलांना देतात. फक्त सकाळी उपाशी ठेवावं लागतं.

राहण्यासाठी आजच टाटाच्या (मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या) सोशल वर्करना भेटा, रांग असते. सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्समध्ये मूल आणि आईवडील मोफत राहतात. दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार गावाहून मागवून घ्या. रेल्वेच्या सवलतीचा फॉर्मही तिथेच विचारा.

पुढची केमो घराजवळ घेता येईल का, हे मात्र डॉक्टरांना जरूर विचारा. शंट (डोक्यात साचणारं पाणी काढून देणारी नळी) बसवला असेल आणि पुन्हा डोकेदुखी, उलट्या किंवा सारखी झोप सुरू झाली, तर ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत न्या. आणि केमोत सिस्प्लॅटिन नावाचं औषध असेल तर आधी कानाची तपासणी करून घ्या. त्याने ऐकू कमी येऊ शकतं.