रिंगखालचे प्रश्न : थांबू की जाऊ?

या महिन्यात दोन पत्रं एकाच विषयावर आली, एक नेरूळहून आणि एक कळव्याहून. नेरूळचं छोटं आहे, ते आधी घेते.

प्रश्न : माझा मुलगा पहाटे उठून अमेरिकेतलं कॉलेज बास्केटबॉल बघतो. तो सांगतो की डॅन हर्ली नावाच्या कॉलेज कोचने लेकर्स या व्यावसायिक संघाची नोकरी नाकारली, याला निष्ठा म्हणतात. मला हे पटत नाही. घर चालवणारा माणूस एवढी नोकरी सोडतो का?
— एक पालक, नेरूळ

उत्तर : मुलगा सांगतो ते खरं आहे. हर्ली कनेटिकट विद्यापीठाच्या संघाचे कोच. 2023 आणि 2024, अशी लागोपाठ दोन वर्षं त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि जून 2024 मध्ये लेकर्सने त्यांना बोलावलं. सहा वर्षांचे सात कोटी डॉलर, असे आकडे तेव्हा छापून आले होते. ते गेले नाहीत. पण पुढच्याच महिन्यात कनेटिकटने त्यांच्याशी सहा वर्षांचा, पाच कोटी डॉलरचा नवा करार केला, हेही मुलाला सांगा. विद्यापीठाने आपल्या माणसाची किंमत ओळखली आणि कागदावर मांडली. थांबणं सोपं झालं ते त्यामुळेही. आणि थांबलं म्हणजे यश ठरलेलं, असंही नाही. 2025 मध्ये त्यांचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या दुसऱ्याच फेरीत फ्लोरिडा विद्यापीठाकडून दोन गुणांनी हरला.

मला विचाराल तर तुमच्या मुलाने हर्लींच्या वडिलांविषयी वाचावं. बॉब हर्ली न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीमध्ये सेंट अँथनी या गरीब वस्तीतल्या शाळेचे कोच होते. शाळेला स्वतःचं जिमखान्यासारखं काही नव्हतं. बरीच वर्षं सराव चालायचा तो बिंगो खेळायच्या एका जुन्या हॉलमध्ये. कॉलेजांची बोलावणी येऊनही ते तिथेच राहिले, हजारावर सामने जिंकले, त्यांचं नाव हॉल ऑफ फेममध्ये गेलं. आणि 2017 मध्ये पैशांअभावी ती शाळाच बंद झाली. कोच राहिला, शाळा राहिली नाही. पुढच्या पत्राचं उत्तर लिहिताना हे माझ्या मनात सारखं येत होतं.

प्रश्न : मॅडम, मी ठाण्यातल्या एका कॉलेजात मुलींच्या बास्केटबॉल संघाचा कोच आहे. नऊ वर्षं झाली. नेमणूक दरवर्षी नव्याने होते, मानधन दहा महिन्यांचं. कोर्ट सिमेंटचा, उघडा. पावसाळ्यात शेवाळ धरतं, मग मुली आणि मी ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासतो. यंदा पहिल्यांदाच आम्ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा अंतिम सामना खेळलो, चार गुणांनी हरलो. त्यानंतर दक्षिण मुंबईतल्या एका नावाजलेल्या कॉलेजातून फोन आला. बंदिस्त लाकडी कोर्ट, दुपटीहून जास्त मानधन, तीन वर्षांचा करार. बायको म्हणते, जा. मुलगी सहा वर्षांची आहे, खर्च वाढतायत. आमच्या प्राचार्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "आम्ही तुम्हाला संधी दिली आणि आता तुम्ही निघालात." संघातल्या सात मुली दुसऱ्या वर्षाला आहेत. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. थांबू की जाऊ?
— एक कोच, कळवा

उत्तर : सर, आधी प्राचार्यांचं बोलणं बाजूला काढू, कारण ते तुमच्या मनाला लागलेलं दिसतंय. ज्या कॉलेजने नऊ वर्षांत तुम्हाला एकदाही पुढच्या जूनची खात्री दिली नाही, त्या कॉलेजचं तुम्ही काही देणं लागत नाही. मे महिन्यात तुमच्या घरात काय शिजतं, याची चौकशी त्यांनी कधी केली का? अमेरिकेत कॉलेजला कोच हवा असेल तर ते अनेक वर्षांचा करार करतात आणि त्यात लिहितात की मध्येच गेलात तर एवढी रक्कम भरा. बहुतेक वेळा ती रक्कम नवं विद्यापीठच जुन्याला भरतं. म्हणजे तिथे निष्ठेची अपेक्षा धरणारा आधी स्वतः बांधला जातो. तुमच्याकडून फुकट निष्ठा मागितली जातेय. ती द्यायची गरज नाही, आणि त्याबद्दल मनाला लावूनही घेऊ नका.

थांबलेल्या कोचचं उदाहरण द्यायचं झालं की सगळे स्पोकेनमधल्या गोंझागा विद्यापीठाच्या मार्क फ्यू यांचं नाव घेतात. स्पोकेन हे आडबाजूचं शहर, विद्यापीठ लहानसं. 1999 मध्ये ते मुख्य कोच झाले. मोठमोठ्या विद्यापीठांच्या नोकऱ्यांसाठी त्यांचं नाव कितीदा चर्चेत आलं, पण ते हलले नाहीत. 2017 आणि 2021 मध्ये त्यांचा संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेला, दोन्ही वेळा हरला. हे सांगताना लोक एक गोष्ट गाळतात. संघ जिंकू लागला तसं विद्यापीठही त्याच्याबरोबर वाढत गेलं. 2004 मध्ये सहा हजार प्रेक्षकांचं नवं बंदिस्त मैदान उभं राहिलं. म्हणजे फ्यू ज्या जागी थांबले ती जागा दहा वर्षांनी तीच नव्हती. तुमचं कॉलेज नऊ वर्षांत किती हललं? तुमच्या पत्रात मला खराटा दिसतो, शेवाळ दिसतं, रिंगमागचा नवा बोर्डसुद्धा दिसत नाही.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल की मी "जा" म्हणतेय. पण तुमच्या पत्रातलं खरं अवघड वाक्य आहे सात मुलींचं. इथे अमेरिकेची उदाहरणं आपल्याला पुरत नाहीत.

तिथे 2021 पासून खेळाडूला वर्ष वाया न घालवता दुसऱ्या विद्यापीठात जाता येतं. कोच गेला की खेळाडूही आपली वाट बघू शकतो. फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठाचे कोच डस्टी मे घ्या. 2023 मध्ये कोणाच्या ध्यानीमनी नसताना त्यांचा संघ अंतिम चारमध्ये पोचला. ते लगेच गेले नाहीत, जवळपास अख्ख्या संघासह आणखी एक मोसम थांबले, आणि 2024 मध्ये मिशिगनला गेले. त्यांचा उंच सेंटर व्लादिस्लाव गोल्डिन त्यांच्या मागोमाग मिशिगनला गेला. तुमची कळव्याची, दिव्याची, मुंब्र्याची मुलगी तुमच्या मागोमाग चर्चगेटला येणार आहे का? तिचा प्रवेश इथे, फी इथे भरलेली, आणि घरून सकाळी सहाची परवानगी मिळाली ती कॉलेज जवळ आहे म्हणून आणि "सर चांगले आहेत" म्हणून. पास काढून गाडीत बसायची सोय फक्त तुम्हाला आहे. म्हणून कॉलेजचं नसलं तरी मुलींचं देणं तुम्ही लागता, आणि ते तुम्ही गेलात तरी फेडता येतं. कसं, ते पुढे लिहिते. त्याआधी माझं स्वतःचं सांगते.

1994 चा डिसेंबर. ठाण्यातल्या एका कॉलेजात मुलींच्या संघाची कोच म्हणून मला सहा वर्षं झाली होती. मुंबईतल्या एका मोठ्या संस्थेने बोलावलं आणि मी मोसमाच्या मधोमध हो म्हटलं. शुक्रवारी कार्यालयात राजीनामा दिला. मुलींना सोमवारी नीट बसवून सांगू असं ठरवलं होतं. शनिवारी सूचना फलकावर लागली. आमची पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन चाल रचणारी मुलगी, खारेगावची होती, पहिल्या वर्षाची, बसचे पैसे वाचवायला कळव्याचा पूल चालत ओलांडून यायची. तिने ती सूचना वाचली आणि निघून गेली. सोमवारी अकरा मुली आल्या, ती आली नाही. नंतरही आली नाही. माझ्या जागी आलेले सर व्हॉलीबॉलचे होते. पुढच्या वर्षी मुलींच्या संघाची प्रवेशिकाच गेली नाही.

बारा-तेरा वर्षांनी ती मला गावदेवीच्या मंडईत भेटली. हातात मेथीची जुडी, कडेवर मूल. ओळख पटली तशी हसली. म्हणाली, "मॅडम, त्या शनिवारी मी तुम्हाला डाव्या हाताचा ले-अप दाखवायला आले होते. जमायला लागला होता." ले-अप म्हणजे धावत रिंगखाली जाऊन टाकायचा बॉल. महिनाभर मी तिच्या मागे लागले होते त्यासाठी. उजव्या पायावर उडी, डावा गुडघा वर, डाव्या हाताने बॉल बोर्डच्या चौकोनाच्या कोपऱ्यावर. मला भाजी घ्यायचं सुचलं नाही, तशीच घरी आले.

त्या मोठ्या संस्थेचंही सांगते, कारण तुम्हीही लाकडी कोर्टाला भुलला आहात, आणि त्यात गैर काही नाही. सिमेंटवर नऊ वर्षं मुलींचे गुडघे बघितलेला माणूस भुलणारच. पण कोर्टाची किल्ली कोणाकडे असते ते विचारून या. आमच्याकडे ती रजिस्ट्रारच्या खणात असायची. परीक्षा, स्नेहसंमेलन, सत्कार, रंगीत तालीम. एका मोसमात मला पूर्ण महिनाभर हॉल मिळाला नव्हता आणि आम्ही पार्किंगमध्ये ड्रिबल करत होतो. संघनिवड कोण करतं, तेही विचारा. क्रीडा कोट्याचे प्रवेश देताना कोचचं मत घेतात की नुसती यादी हातात देतात? हे तुम्ही प्रत्यक्ष जाऊन, सध्याच्या खेळाडूंशी बोलून काढा. आणि बायकोशी पुन्हा एकदा बोला, या वेळी टाइमटेबल समोर ठेवून. कळव्याला जलद गाडी थांबत नाही. साडेसहाच्या सरावाला तिथे पोचायचं तर तुम्ही पाचच्या आत घराबाहेर. संध्याकाळचा सरावही असेल तर मुलगी फक्त रविवारी जागी दिसेल. हे ऐकूनही बायको "जा" म्हणाली तर तो खरा होकार.

तोवर फोनवर हो म्हणू नका. फ्लोरिडा विद्यापीठाचे कोच बिली डोनोव्हन 2007 मध्ये दुसरं विजेतेपद मिळवल्यावर ऑर्लँडो मॅजिक या व्यावसायिक संघाला हो म्हणून बसले, पत्रकार परिषदही झाली, आणि काही दिवसांतच त्यांचं मन फिरलं. सुटका झाली, पण पाच वर्षं एनबीएमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, कोच होणार नाही असं लिहून द्यावं लागलं. ते डोनोव्हन होते म्हणून फ्लोरिडाने परत घेतलं. तुमच्या जागी प्राचार्य दुसऱ्या दिवशी नवा माणूस बसवतील.

आता माझं मत. प्राचार्यांकडे एकदा जा आणि तीन गोष्टी मागा : बारा महिन्यांचं मानधन, तीन वर्षांची नेमणूक, कोर्टावर पत्र्याची शेड. पहिल्या दोन लेखी मिळाल्या तर थांबा, सात मुलींना पदवीपर्यंत न्या. शेडसाठी मी तुमच्याबरोबर माजी विद्यार्थ्यांच्या दारोदार फिरेन. पंधरा दिवसांत कागद आला नाही तर जा. नुसत्या "बघू"वर दहावं वर्ष काढू नका.

जाणार असाल तर जूनमध्ये जा, मध्येच नाही. आणि प्राचार्यांकडे राजीनामा घेऊन जाण्याच्या आदल्या दिवशी मुलींना सांगा. सराव संपल्यावर, सगळ्यांना खाली बसवून, स्वतःही खाली बसून. फोन आला इथपासून सगळं सांगा, मानधनाचा आकडासुद्धा. मुली लहान नाहीत, त्यांच्यापैकी निम्म्यांच्या घरी पगाराचीच बोलणी चालतात. उरलेल्या महिन्यांत सातपैकी दोघींना सराव घ्यायला शिकवा. एक दिवस तुम्ही कडेला बसा, शिट्टी त्यांच्या हातात द्या. प्रत्येकीची एक वही करा : काय जमतं, काय अडतं, पुढचे सहा महिने कशावर मेहनत घ्यायची. नवा माणूस व्हॉलीबॉलचा आला तरी ती वही बास्केटबॉलचीच राहील. प्रवेशिका भरायची तारीख, शिक्के कुठे लागतात, फॉर्म कोणाकडे द्यायचा, हे कॅप्टनला लिहून द्या. संघ बंद पडतो तो बहुतेक वेळा तिथेच.

एक मात्र करू नका. "दर रविवारी येत जाईन" असं मुलींना म्हणू नका. मी त्या अकराजणींना म्हणाले होते. दोन रविवार मी गेले. तिसऱ्या रविवारी माझ्या नव्या संघाचा सामना होता.