सरकारी आरोग्यसेवा सोशल एंटरप्राइझकडे सोपवल्या तर गरीब रुग्णाला खरंच फायदा होतो का?

तुमच्या जिल्ह्यात काही सेवा एखाद्या सोशल एंटरप्राइझकडे द्यायची चर्चा आहे आणि त्यात गरिबाच्या वाट्याला काय येईल, असं तुम्ही विचारलंय. सोशल एंटरप्राइझ म्हणजे स्वतःची कमाई करून चालणारी, पण ती कमाई सेवेतच घालणारी संस्था. मी वैद्यकीय समाजसेवक म्हणून काम करतो, त्यामुळे उत्तर रुग्णाच्या बाजूने देतो. काही सेवांत फायदा होतो, आणि खूप होतो. मात्र आधी एक गोष्ट बघा: त्या सेवेसाठी पैसे भरणारा रुग्ण कुठे आहे का?

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचं उदाहरण घेऊ. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि 1976 मध्ये त्यांनी 11 खाटांचं रुग्णालय सुरू केलं. संधिवाताने बोटं वाकडी झालेला हा शल्यचिकित्सक सरकारी नोकरीत असताना गावोगावी नेत्रशिबिरं घेत आला होता. त्यामुळे अडचण डॉक्टरांच्या कौशल्याची नसून व्यवस्थेची आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अरविंदमध्ये खेड्यातल्या मुलींना दोन वर्षं प्रशिक्षण देऊन तपासणीपासून शस्त्रक्रियेच्या तयारीपर्यंतची कामं त्यांच्याकडे दिली. एक रुग्ण टेबलावर असतानाच शेजारच्या टेबलावर दुसरा तयार असतो, सर्जनचा वेळ फक्त शस्त्रक्रियेत जातो. त्यामुळे तिथला एक सर्जन वर्षाला सुमारे 2000 शस्त्रक्रिया करू शकतो.

पुढे डोळ्यात बसवायच्या भिंगाचा प्रश्न आला. ते परदेशातून यायचं आणि इतकं महाग असायचं की गरिबाचा मोतीबिंदू काढला तरी त्याच्या नशिबी जाड काचांचा चष्माच यायचा. 1992 मध्ये अरविंदने ऑरोलॅब काढून भिंगं स्वतःच बनवायला घेतली आणि किंमत मूळच्या एका छोट्या अंशावर आणली. आज ती शंभराहून अधिक देशांत जातात. सोशल एंटरप्राइझचं सगळ्यात मोठं योगदान मला इथे दिसतं, कारण भिंग स्वस्त झाल्याचा लाभ मदुराईला कधीही न गेलेल्या माणसाला मिळाला.

यातल्या एका गोष्टीवर मात्र फार कमी लिहिलं जातं. अरविंदमध्ये रुग्णाकडे उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. पैसे भरून उपचार घ्यायचे की मोफत विभागात जायचं, हे रुग्ण स्वतः ठरवतो. डॉक्टर दोन्हीकडे आलटून पालटून तेच असतात. फरक असतो तो खोलीचा, खाटेचा. ऐपत असलेला माणूस आपणहून पैसे भरतो, कारण त्याला स्वतंत्र खोली हवी असते.

माझ्या रोजच्या कामात हा फरक फार बोचतो. आपल्याकडे धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. त्यासाठी निर्धन रुग्ण निधीही असतो. योजना चांगली आहे, तिच्यामुळे माणसं वाचलेली मी पाहिली आहेत. पण रुग्ण आयसीयूत असताना त्याचा भाऊ तहसीलदाराच्या दाखल्यासाठी तालुक्याला पळतो, रेशनकार्डावर नाव चुकलेलं निघतं, तोवर डिपॉझिटचा तगादा सुरू झालेला असतो. गरिबी सिद्ध करायचं ओझं नेमकं त्या घरावर पडतं, ज्याला त्या दिवशी ते सगळ्यात कमी झेपणारं असतं.

मुंबईत 2005 मध्ये सुरू झालेल्या 1298 रुग्णवाहिका सेवेनेही हा दाखला टाळला होता, तोही फार सुंदर रीतीने. खासगी रुग्णालयात जायचं असेल तर पूर्ण भाडं, सरकारी रुग्णालयात जायचं असेल तर सवलत, अपघातग्रस्ताला मोफत. कुठे जायचं या एका उत्तरात ऐपत कळायची. पण या हिशेबाला मर्यादा होती. खासगी रुग्णालयांची दाटी असलेल्या मुंबईत तो जमतो, मेळघाटात पूर्ण भाडं कोण देणार? महाराष्ट्रभर मोफत रुग्णवाहिका धावू लागल्या त्या 2014 मध्ये, 108 क्रमांकावर. त्या 937 गाड्यांचा खर्च राज्य सरकारने उचलला आणि चालवण्याचं कंत्राट खासगी कंपनीला दिलं. 1298 चालवणाऱ्या कंपनीलाही पंजाब, ओडिशा अशा राज्यांत विस्तार करताना सरकारी कंत्राटंच घ्यावी लागली.

सर्पदंश, सिकलसेल, क्षयरोग, आदिवासी पाड्यावरचं बाळंतपण या सेवांत पैसे भरणारा रुग्ण जवळपास नसतोच. तिथे "संस्था स्वतःच्या पायावर उभी राहील" असं कुणी सांगत असेल, तर तो खर्च शेवटी रुग्णाच्या खिशातून जाणार किंवा सेवा तरी आटणार, हे धरून चाला. अशा ठिकाणी संस्थांचं काम वेगळं असतं: नवी पद्धत शोधायची, ती सिद्ध करायची आणि सरकारला द्यायची. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरोघरी काळजी घ्यायला शिकवलं. नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा अभ्यास 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. पुढे आशाताईंमार्फत हे काम देशभर गेलं, ते सरकारी पैशावर. ते तसंच असायला हवं.

'मोफत' या शब्दावरही विसंबू नका. दक्षिण भारतातल्या नेत्रशिबिरांच्या अभ्यासात दिसलं की डोळ्यांचा त्रास असलेल्यांपैकी फारच थोडे, सातेक टक्के लोक शिबिरापर्यंत पोहोचत होते. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, सोबत येणाऱ्याची मजुरी, हे सगळं मोफत शस्त्रक्रियेलाही महाग करतं. म्हणून अरविंदने शिबिराच्या रुग्णांची ने-आण आणि जेवण स्वतःकडे घेतलं, आणि 2004 पासून गावांजवळ कायमची दृष्टी केंद्रं काढली. तिथला रुग्ण दूरच्या डॉक्टरला पडद्यावर दिसतो.

तेव्हा तुमच्या जिल्ह्यातला करार माहिती अधिकारात मागवा. पैसे शस्त्रक्रियेमागे मिळणार की ठोक? ठोक असतील तर कठीण रुग्ण टाळायचा मोह होईल, शस्त्रक्रियेमागे असतील तर नको त्या शस्त्रक्रिया होण्याचा धोका, म्हणून दोन्ही बाबतीत रुग्णाची नंतरची तपासणी कोण करणार हे कलम शोधा. सरकारने पैसे थकवले तर सेवा किती महिने चालू राहील, संस्था सोडून गेली तर यंत्रं आणि माणसं कुणाची, हे लिहिलंय का पाहा. आणि रुग्णाकडून कोणकोणते कागद मागणार आहेत, त्याची यादी सगळ्यात आधी वाचा. ती लांब असेल तर ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीत करार होण्याआधीच हरकत घ्या, सही झाल्यावर एक कागदही कमी होत नाही.