पिंपाचे तोंड

‘मुलगा हुशार आहे हो, पण चार माणसांत तोंड उघडत नाही, कॅम्पस मुलाखतीत याचं कसं होणार?’ जुलै उजाडला की पुण्यातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे पालक हा एकच प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येऊ लागतात आणि बहुतेकांनी त्याआधी एखाद्या व्यक्तिमत्त्व विकास वर्गाचे शुल्कही भरलेले असते.

मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाचा निखिल (नाव बदलले आहे) आईबरोबर आला, तेव्हा कॅम्पस निवडीच्या दोन गटचर्चांमध्ये बाद झाला होता. पहिल्या काही भेटींत तो फक्त प्रकल्पाविषयी बोलला. सिंहगड रस्त्यावरच्या आपल्या सोसायटीसाठी त्याच्या गटाने ओल्या कचऱ्याचे खत करणारे, हाताने फिरवायचे पिंप बनवले होते. कार्बन व नायट्रोजनचे प्रमाण तीसास एक राहावे म्हणून किती सुका पाला घालायचा, हे त्याला तोंडपाठ होते. तरीही पिंपाला दुर्गंधी सुटली आणि रहिवाशांनी ते बंद करायला लावले.

“यंत्र बरोबर आहे मॅडम, माणसं चुकतात.”

“पिंपात कचरा कोण टाकतं?”

“कचरा न्यायला येतात त्या मावशी. ‘स्वच्छ’ संस्थेच्या.”

“त्यांचं नाव काय?”

तो गप्प झाला. अशी शांतता मोडण्याचा मोह मला इतक्या वर्षांनंतरही होतो. त्या दिवशी तो आवरला, याचे समाधान मात्र अजून वाटते. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “माहीत नाही. दोन वर्षं रोज दिसतात.”

पुढच्या भेटीला तो दोन पाने टिपून घेऊन आला. पिंपाचे तोंड मावशींच्या खांद्याच्या वर येत होते. भरलेली बादली दोन्ही हातांनी उचलून रिती करेपर्यंत दम लागे आणि पाला घालायचा राहून जाई. पाला नाही म्हणून ओल वाढत होती, आत हवा खेळत नव्हती आणि कचरा सडत होता. “गणित चुकलं नव्हतं, मॅडम. मी त्यांची उंचीच धरली नव्हती.”

बोलण्याचे धाडस मुलांना शिकवावे लागते, असे मीही पूर्वी मानत असे. व्हिएन्नाचे डॉक्टर आल्फ्रेड आडलर यांनी माणसाच्या मानसिक आरोग्याची खूण इतरांविषयीच्या आस्थेत पाहिली, आणि माझा कल त्यांच्याकडेच आहे; समोरच्याकडून काही जाणून घ्यायचे असले की निखिलसारख्या मुलांची जीभ आपोआप सुटते. अभियांत्रिकी पदवीच्या राष्ट्रीय मूल्यांकनात (एनबीए) वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या बारा गुणांच्या यादीत शाश्वतता, गटकार्य आणि संवाद हे तिन्ही होते. परंतु शाश्वततेचा पेपर वेगळा आणि संवादकौशल्याचा तास वेगळा असल्यामुळे, पाला आणि मावशी हा एकच प्रश्न आहे हे मुलांना कुणी दाखवत नाही.

म्हणून पालकांनी ‘आज किती जणांशी बोललास?’ असे विचारून हजेरी घेऊ नये. जेवताना ‘आज कुणाकडून नवीन काय कळलं?’ एवढे विचारावे आणि उत्तर आले नाही तर विषय सोडून द्यावा. प्रकल्प ज्याच्या हातात पडणार, त्या माणसाला मुलाने आराखडा काढण्यापूर्वी भेटावे, असा आग्रह मात्र जरूर धरावा.

गटचर्चेत निखिल आजही पहिली दोन मिनिटे गप्पच असतो. पिंपाचे तोंड त्याने मावशींच्या कमरेच्या उंचीवर आणले असून शेजारी पाल्याचे पोते टांगले आहे. ते कोणत्या बाजूला हवे, हे त्याने सुमनमावशींना विचारून ठरवले.