लॅव्हेंडर ऑइल डायरेक्ट चेहऱ्यावर लावू का?

प्रश्न: ताई, माझी स्किन ऑइली आहे, हनुवटीवर सारखे पिंपल्स येतात. मैत्रीण म्हणते लॅव्हेंडर ऑइल लाव, डागसुद्धा जातील. तसंच लावलं तर चालेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर: तसंच अजिबात नको गं! ३० मिली जोजोबा तेलात जास्तीत जास्त ५-६ थेंब, एवढंच पुरे. खोबरेल नको, ऑइली स्किनवर त्याने पोर्स बंद होतात आणि पिंपल्स वाढतात. लॅव्हेंडरमध्ये लिनालूल नावाचं सुगंधी द्रव्य असतं, ते थोडंफार बॅक्टेरियांवर काम करतं, आणि वासाने डोकं शांत होतं हा फायदा तर आहेच, पण डाग जातील वगैरे आशा ठेवू नकोस, त्यासाठी सनस्क्रीन लाव आणि पिंपल्स खूपच असतील तर सरळ स्किनच्या डॉक्टरांना दाखव. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघ. बाटली उघडी ठेवलीस की हवेने लिनालूल बदलतं आणि त्याचीच ॲलर्जी येते, म्हणून झाकण घट्ट, बाटली गडद काचेची, आणि वर्षानुवर्षं पडलेली जुनी बाटली तर नकोच. आपल्याकडे जम्मूतल्या भदरवाहला लॅव्हेंडरची शेती होते, तिथलंही तेल मिळतं, फक्त लेबलवर 'लॅव्हॅन्ड्युला अँगुस्टिफोलिया' हे खऱ्या लॅव्हेंडरचं शास्त्रीय नाव बघून घे, नुसतं 'फ्रेग्रन्स ऑइल' लिहिलेलं घेऊ नकोस.